कमानपाट्याची सुरी आणि चामड्याचं म्यान: कामाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

करायचं काय ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर भट्टीसमोर उभं राहिलं की आकार बदलायचा मोह होतो. पातं साडेचार इंच, मूठ सव्वाचार. पाठीची जाडी तीन मिलिमीटर. धार एकाच बाजूला. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सलग जाणार, त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या चिपा आणि पितळेची तीन रिपिटं (रिव्हेट). वर कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं चामड्याचं म्यान. मळ्यात ऊस सोलायला, सुतळी कापायला, फांदी छाटायला आणि ट्रेकला गेलं तर कांदा चिरायला चालावं असं हत्यार. पहिला लॉट सहा नगांचा.

खंडेनवमीला ऐरणीची पूजा झाली होती, तेव्हा सुरुवातीला आणखी मुहूर्त बघितला नाही. ऐरण म्हणजे फोर्जिंगच्या एका कारखान्यातून भंगाराच्या भावात आणलेला पोलादी ठोकळा. भट्टीला फायर ब्रिक लागतात, त्या कोल्हापुरात शोधाव्या लागत नाहीत. इतक्या फौंड्र्या आहेत की वापरलेल्या पण धड विटा कुणीही देतं. भाता म्हणून पंख्याच्या रेग्युलेटरवर चालणारा छोटा ब्लोअर. कोळसा लोणारी. दगडी कोळसा वापरून बघितला होता, धुराने शेजारी घरी आले.

पोलाद म्हणून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणला. सगळे तेच वापरतात, लोहारही आणि घिसाडीही. किलोला साठ रुपये.

१९ ऑक्टोबर

पाट्यातून अँगल ग्राइंडरने पट्ट्या कापल्या. घडवायच्या आधी एका पट्टीचं बोटभर टोक लाल करून तेलात बुडवलं आणि शिकंजात धरून हातोड्याने तोडलं. तुटलेल्या तोंडावर मधोमध एक काळपट रेघ दिसली, बाकी भाग करडा. ती रेघ म्हणजे जुनी चीर. ट्रकखाली लाखो वेळा वाकून पाटा आतून फाटलेला होता, बाहेरून काही कळत नव्हतं. दुसऱ्या पट्टीतही तेच.

भंगारातला पाटा वाईटच असतो असं नाही. कोयत्याला चालतो, कारण तिथे पातं जाड राहतं आणि लोहार चीर दिसली की तेवढा भाग टाकून देतो. पण तीन मिलिमीटरच्या सुरीत चीर लपत नाही, फक्त उशिरा दिसते. त्यातून ते पोलाद नक्की कोणतं हे माहीत नसलं की किती तापवायचं हेही अंदाजपंचेच. विकायच्या वस्तूत तो अंदाज नको. पाटा परत भंगारात. कापण्यात गेलेली दोन कटिंग व्हील आणि एक शनिवार खर्चात मांडला.

२७ ऑक्टोबर

उद्यमनगरातून ईएन-४५ ची नवी पट्टी आणली, पन्नास बाय सहा मिलिमीटर. हेही कमानपाट्याचंच पोलाद: कार्बन अर्धा टक्क्याच्या थोडा वर, सिलिकॉन दीड ते दोन टक्के, शिवाय मँगनीज. सहा सुऱ्यांना पुरून उरेल एवढं घेतलं, सुरीमागे चाळीस रुपये पडले. भंगारापेक्षा महाग, पण सगळ्या खर्चात हा आकडा किती लहान आहे ते पुढे दिसेलच. पोलादात पैसे वाचवायला जाण्यात अर्थ नाही.

घडवणं सरळ झालं. सहाचे तीन करायला वेळ लागतो, पण टोक आणि धारेकडचा उतार हातोड्यानेच काढला की पुढे ग्राइंडरवर माल कमी जातो. सहाही पाती शेवटी तापवून राखेत पुरून ठेवली, रात्रभर. दुसऱ्या दिवशी कानस लोण्यातून जावी तशी चालली.

रिपिटांची भोकं आत्ताच पाडायची. कडक केलेल्या पात्यात ड्रिल जात नाही. पाचांत पाडली, सहाव्यात शेवटचं भोक विसरलो. ते नंतर पाडताना चारशे रुपयांचा कोबाल्टचा ड्रिल गेला.

१० नोव्हेंबर

पाणी द्यायचा, म्हणजे पातं लाल करून बुडवून कडक करायचा दिवस. पाणी म्हणायचं, बुडवायचं तेलात. या पोलादाला साधं पाणी दिलं तर पातं तडकायची भीती असते. उंच डब्यात चार लिटर सूर्यफूल तेल, त्यात लाल केलेला लोखंडाचा तुकडा बुडवून ते हाताला चटका बसेल इतपत गरम केलं. गार तेल घट्ट असतं, पात्याची उष्णता लवकर ओढत नाही. डब्यावर झाकायला पत्र्याचा तुकडा हाताशी ठेवला. तेल पेटतंच, प्रश्न फक्त किती वेळ. पाण्याची बादली जवळपाससुद्धा ठेवू नये.

धार आत्ता काढायची नाही. कड एक मिलिमीटर जाड ठेवली, पातळ कड तेलात वाकते.

तापमानासाठी लोहचुंबकाची युक्ती वापरली. लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं. पातं चिकटायचं थांबलं, त्यावर थोडा वेळ भट्टीत ठेवलं, बुडवलं. तीन पाती अशी केली. गार झाल्यावर कानस फिरवली तर कानस धरतेय. कडक झालेल्या पात्यावर ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. आधी वाटलं वरचा थर मऊ पडला असेल, कारण भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो. तो थर घासून काढला, खालीही तेच.

भानगड सिलिकॉनची. ज्या पोलादात सिलिकॉन जास्त, त्याला कडक व्हायला उष्णताही जास्त लागते. ईएन-४५ ला ९०० च्या आसपास न्यावं लागतं, चुंबक सुटतो त्याच्या बरंच वर. चुंबकाची युक्ती साध्या कार्बन पोलादाला ठीक आहे. मी ती डोळे मिटून इथे लावली.

दुसरं म्हणजे उजेड. भर दुपारी शेडमध्ये ऊन येत होतं, त्यात नारिंगी पातंही लालसर वाटतं. म्हणून दिवेलागणीनंतर पुन्हा भट्टी लावली, शेडचा बल्ब काढून टाकला. चुंबक सुटला की तिथून पुढे स्वच्छ नारिंगी रंग येईपर्यंत थांबायचं, पातं सारखं पुढेमागे करायचं म्हणजे टोक जळत नाही. सहाही पाती तशी झाली. कानस घसरली.

सोबत एक पट्टी मुद्दाम जास्त तापवून, पिवळी करून बुडवली आणि तोडली. तिचा दाणा भरड रव्यासारखा निघाला, नीट तापवलेल्या पट्टीचा दाणा डोळ्याला वेगळा दिसतच नव्हता, नुसता मऊ करडा. पाती तोडून बघता येत नाहीत, पट्टी तोडून बघता येते. दर लॉटला एक पट्टी यासाठी ठेवायची.

एक पातं तेलातून निघतानाच बाकदार झालं. पहिल्या अर्ध्या मिनिटात, गरम असताना, दोन लाकडी ठोकळ्यांत दाबलं असतं तर सरळ झालं असतं. मी बाकीची करण्यात गुंतलो आणि गार झाल्यावर ऐरणीवर हातोडा मारला. दोन तुकडे. उरली पाच.

१६ नोव्हेंबर

तेलातून निघालेलं पातं काचेइतकं ठिसूळ असतं. ते मऊ करायला दोनशे अंशांवर दोन तास, गार करून परत दोन तास. घरातला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, वापरला. पाती आधी साबणाने धुवून तेल काढलं तरी दोन तास स्वयंपाकघरात तळणीचा वास होता, आणि त्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्या फेरीत एकच पातं टाकलं हे नशीब. गव्हासारखा फिकट पिवळा रंग यायला हवा, आला तपकिरी-जांभळट. म्हणजे २६० च्या पुढे गेलं होतं. ओटीजीचा काटा दोनशे सांगतो आणि आतला हीटर त्याच्या मनाला येईल ते करतो. साडेतीनशे रुपयांचं ओव्हनमधलं थर्मामीटर आणलं. काटा १७० वर ठेवला की आत दोनशे मिळतात. शिवाय ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरून पाती तिच्यात निजवली, म्हणजे हीटर चालू-बंद झाला तरी पात्याला झटका बसत नाही. जांभळं पडलेलं पातं पुन्हा पाणी देऊन आणलं.

२४ नोव्हेंबर

ग्राइंडिंग. यात सांगण्यासारखं एवढंच: कडक झालेलं पातं हातमोजे न घालता धरायचं. चटका बसला की पाण्यात बुडवायचं. हातमोजे घातले तर पातं निळं पडेपर्यंत कळत नाही, आणि निळं पडलेल्या जागी धार टिकत नाही. एका टोकाला असं झालं, तेवढं टोक अर्धा इंच मागे घेतलं. ते पातं आता चार इंचांचं. घरच्या वापराला ठेवलं.

विकायला उरली चार.

८ डिसेंबर

मुठीला दोन लाकडं. एक शिसवी, जुन्या वाड्याच्या दाराच्या चौकटीतली. अशा वाड्यांचं लाकूड अडत्याकडे मिळतं, पण खिळे आत मोडलेले असतात, करवत जपून चालवायची. दुसरी बाभूळ, एका पाहुण्यांच्या मळ्यातली. बाभूळ कुदळीच्या-कुऱ्हाडीच्या दांड्याला पिढ्यानपिढ्या वापरतात, दणका सोसते, रंगही तेल लावल्यावर सुंदर येतो. पाहुणे म्हणाले दोन महिने झाले तोडून, वाळलीय.

शिसवीची धूळ वाईट. नाक बंद होतं, काहींच्या हातावर पुरळ येतं. मास्क लावूनच घासायची. आणि परदेशातल्या कुणाला पाठवायची असली तर आधी नियम बघायचे: तिची अख्खी डालबर्जिया प्रजाती २०१७ पासून सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, तयार वस्तूंना मात्र एका पार्सलात दहा किलो लाकडापर्यंत सूट आहे.

चिपा दोन भागांच्या एपॉक्सीने चिकटवल्या, पितळी रॉडचे तुकडे घालून हलक्या हाताने ठोकले, रात्रभर क्लँप. क्लँप फार आवळू नये, सगळा गोंद बाहेर येतो आणि मध्ये काही उरत नाही. लोखंडाची चिकटवायची बाजू गुळगुळीत ठेवायची नाही, साठ नंबरच्या पेपरने ओरबाडायची. शेवटी तीन दिवस जवसाचं तेल, वरून मेण. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, आपोआप पेटतात. पसरून वाळवावीत.

दोन मुठी शिसवीच्या, दोन बाभळीच्या. सुरेख दिसत होत्या. बाभळीबद्दल पुढे मार्चच्या नोंदीत.

२२ डिसेंबर

आता म्यान. इथून पुढे कामाचा खरा वेळ गेला.

पहिलं म्यान पर्स शिवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडच्या चामड्याचं केलं. ते क्रोमने कमावलेलं, मऊ, एकसारख्या रंगाचं, स्वस्त. दोन थर एकमेकांवर ठेवून कडेने शिवले. सुरी घातली, काढली, तिसऱ्या वेळी धारेने शिवण कापली आणि टोक बाहेर आलं. खिशाजवळ बाहेर आलं असतं तर मांडीत गेलं असतं.

दोन गोष्टी चुकल्या. एक, क्रोमचं चामडं ओलं करून आकार दिला तरी तो धरून ठेवत नाही, मग सुरी आत डुलते. दोन, दोन थरांच्या मध्ये पट्टी हवी. धारेच्या बाजूला आठ-दहा मिलिमीटर रुंदीची चामड्याची तिसरी पट्टी घालायची आणि शिवण त्या पट्टीतून न्यायची, म्हणजे धार पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. ही पट्टी नसलेलं म्यान कुणी विकत असेल तर घेऊ नका, फुकट दिलं तरी.

२९ डिसेंबर

सुभाषनगरात चप्पल करणारे एक मामा आहेत, वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे गेलो. कोल्हापुरी चपलेचं चामडं म्हशीचं, चुन्यात भिजवून केस काढलेलं, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. कातड्याची पिशवी शिवून तिच्यात ते पाणी भरून टांगतात. हे चामडं ताठ असतं, पाण्याने मऊ होतं आणि वाळलं की दिलेला आकार सोडत नाही. म्यानाला नेमकं हेच हवं. तळव्याचं जाड नको, अडीच-तीन मिलिमीटरचं. मामांनी कापकामातले उरलेले मोठे तुकडे वजनावर दिले, म्यानामागे १६० रुपये पडले.

घरी येऊन कापलं, रापीने, म्हणजे चामडं कापायच्या चपट्या सुरीने, कडा तासल्या, भिजवलं, आत सुरी घातली आणि बोटांनी दाबून आकार दिला. रात्रभर तसंच वाळत ठेवलं. सकाळी म्यानावर पात्याच्या आकाराचा काळानिळा डाग, आतबाहेर. पात्यावरही काळे ठिपके.

तसंच उचलून मामांकडे. बघताच हसले. "कातडं भिजवलंस ते ब्येस केलंस, पर लोखंडाला शिवू दिलंस कशापायी? हिरडा आन् लोखंड एकत्र आलं की शाईच हुती न्हवं!"

जुन्या काळी काळी शाई याच दोन गोष्टींची करायचे, हे मला माहीत होतं. म्यान करताना आठवलं नाही. आता पद्धत अशी: पात्याला तेल, त्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म दोन वेढे, वर चिकटपट्टी, मग ओल्या चामड्यात. एका तासाने आकार धरला की सुरी बाहेर. म्यान सावलीत दोन दिवस. उन्हात ठेवलं तर आवळतं आणि कडा वर वळतात.

डाग पडलेलं म्यान फेकलं नाही. मामांच्याच शाईवरून सुचलं. व्हिनेगरमध्ये लोखंडी खिळे आठवडाभर बुडवून ठेवले आणि ते पाणी सगळ्या म्यानाला फासलं. दहा मिनिटांत अख्खं म्यान काळंभोर, आणि हा रंग हाताला लागत नाही, कारण तो वर बसलेला नाही, चामड्यातच तयार झालाय. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, नाहीतर व्हिनेगरचं आम्ल चामड्यात राहतं. वाळलं की तेल. पुढे हेच काळं म्यान सगळ्यात आधी विकलं गेलं.

शिवण दोन सुयांची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट. मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते, ही जात नाही. टाक्यांचं अंतर सारखं यावं म्हणून जेवणाच्या काट्याचे दात चामड्यावर दाबत न्यायचे, खुणा मिळतात. भोकं आरीने, म्हणजे टोच्याने. तीन थर एकदम टोचताना आरी तिरकी जाते आणि मागच्या बाजूला शिवण नागमोडी दिसते. पहिली दोन म्यानं तशीच झाली. मामांनी आरी धरायचा हात बदलून दिला: चामडं मांडीत दाबायचं आणि आरी ढकलायच्या ऐवजी मनगट फिरवायचं. एका दुपारीत फरक पडला. तोंडाने सांगून हे कळत नाही, ज्यांच्या गावात चपला होतात त्यांनी जाऊन शेजारी बसावं.

तयार म्यानाची परीक्षा: सुरी घालून उलटं धरायचं आणि झटकायचं. पडली तर पुन्हा ओलं करून दाबायचं.

१२ जानेवारी २०२५

चारही सुऱ्या म्यानात घालून कपाटात ठेवल्या होत्या. काढल्या तर तिघींच्या पात्यांवर तांबडे ठिपके. चामडं हाताला कोरडं लागतं, आत ओल असते, आणि हिरड्या-बाभळीचं आम्लही. म्यान वाहून न्यायला असतं, ठेवायला नाही. ही ओळ छापून प्रत्येक सुरीसोबत देणार आहे.

ठिपके बाराशे नंबरच्या पेपरने गेले, पण पॉलिश पुन्हा करावं लागलं. पात्याला आधी खोबरेल लावायचो. थंडीत ते थिजतं, पुढे खवटही होतं. आता औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. बाटली स्वस्त आणि खाण्याच्या वस्तूला लागलं तरी हरकत नाही.

१९ जानेवारी

हिशेब. एका सुरीमागे: पोलाद ४०, कोळसा ९०, लाकूड ६०, एपॉक्सी ४५, पितळ ३०, चामडं १६०, दोरा-मेण-रंग २५, पेपर आणि कटिंग व्हील ११०. एकूण ५६०. पॅकिंग आणि कुरिअर १४०. म्हणजे सातशे. यात तुटलेलं पातं, ड्रिल, थर्मामीटर धरलेलं नाही. ती शिकवणीची फी समजतो.

वेळ: पातं चार तास, मूठ अडीच, म्यान साडेतीन. दहा तास, तेही हात बसल्यावर. अठराशेला विकली तर तासाला एकशेदहा रुपये सुटतात.

एकट्या चामड्याची किंमत पोलादाच्या चौपट आहे आणि म्यानाचा वेळ जवळजवळ पात्याएवढा. सुरी करणारे सगळे पात्याबद्दल बोलतात, म्यान "सोबत" देतात. मीही किंमत ठरवताना आधी पात्यावरूनच ठरवली होती, नऊशे.

२० जानेवारी

वडगावच्या आठवडी बाजारात बसलो. शेजारी विळे-खुरप्यांचं दुकान. एक आजोबा आले, पातं अंगठ्यावर बघितलं, नखावर बघितलं, म्हणाले, "पाणी झ्याक दिलंयस." किंमत ऐकून सुरी खाली ठेवली. "शंभराला इळा मिळतोय की रं पोरा." त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या कामाला विळा पुरतो आणि बोथट झाला तर बांधावर निसण्यावर घासतात. दिवसभरात एकही गेली नाही. पण लोक म्यान उचलून बघत होते, हे लक्षात आलं. दोघांनी नुसतं म्यान मागितलं, घरच्या सुरीला.

आठवड्याने पन्हाळ्याकडे ट्रेक नेणाऱ्या एका गटाला दाखवली. काळ्या म्यानाची अठराशेला गेली, घासाघीस न करता. शिसवीची दुसरीही तिथेच. एकाने विचारलं, "कोल्हापुरी म्यान म्हणून विकता का?" नाही म्हटलं. कोल्हापुरीचं २०१९चं भौगोलिक मानांकन चपलेसाठी आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मी चप्पल करत नाही. चिठ्ठीवर "हिरडा-बाभळीत कमावलेलं म्हशीचं चामडं" एवढंच लिहितो, आणि तेवढंही लोकांना पुरेसं वाटतं.

२ फेब्रुवारी

कायद्याचं. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत आहेत. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. माझं पातं दोन्ही मापांत खूप आत आहे. तरीही दोन्हीकडून धार किंवा खंजिराचा आकार कुणी मागितला तर ऑर्डर घेत नाही. फोटोखाली "शिकारी", "टॅक्टिकल" असले शब्द लिहीत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला देत नाही.

दुसरी गोष्ट ट्रेकवाल्यांना आवर्जून सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघत असतात, सण, निवडणूक, मोर्चा काहीही निमित्ताने. त्या काळात सार्वजनिक जागी हत्यार बाळगायला बंदी असते. म्यान कमरेला लावायचं ते डोंगरात किंवा मळ्यात. एसटीत आणि शहरात सुरी सॅकच्या तळाशी.

पुण्याची पहिली ऑर्डर. कुरिअरच्या काउंटरवर "आत काय" विचारलं, "सुरी" म्हणालो, त्याने पार्सल परत सरकवलं. तिथे "गिफ्ट आयटम" लिहून दे असा सल्ला रांगेतल्याने दिला. तसं करू नये, मध्ये पार्सल उघडलं तर सुरीही जाते आणि गिऱ्हाईकही. दुसऱ्या ठिकाणी आधी फोन करून विचारलं. त्यांनी घेतलं, अटी दोन: बिलावर "शेती व स्वयंपाकाची सुरी" असं स्पष्ट हवं आणि टोक कशातूनही बाहेर येता कामा नये. आता टोकावर थर्माकोलचा तुकडा, वर जाड पुठ्ठा, मग म्यानाशेजारी वेगळं गुंडाळून. म्यानात घालून पाठवत नाही, कारण प्रवासात पात्याला काय होतं ते जानेवारीत बघितलंय.

२३ मार्च

बाभळीच्या मुठीची एक सुरी परत आली. गिऱ्हाईक भला माणूस, पैसे नको म्हणाला, "हाताला टोचतंय" एवढंच. रिपिटं दोन्ही बाजूंनी उठली होती आणि लाकूड लोखंडाच्या कडेपासून आत गेलं होतं, नख अडकेल एवढं. लोखंड आणि पितळ जागच्या जागी, लाकूड मात्र आटलं. मार्चमधली हवा डिसेंबरापेक्षा कोरडी. आणि दोन महिन्यांत बाभूळ वाळत नाही. वरून सुकलेली दिसली, आतून ओली होती.

दुसरी बाभळीची अजून माझ्याकडेच होती, तिलाही तेच. वाड्याच्या शिसवीच्या दोन्ही गिऱ्हाइकांना फोन केला, दोन्ही ठीक. शंभरेक वर्षं भिंतीत वाळलेल्या लाकडाला आता आणखी काय आटायचंय!

दुरुस्ती: चिपा काढून नव्या बसवायच्या तर एपॉक्सी दोनशे अंशांच्या आत सोडवायला हवी, नाहीतर पात्याचं पाणी उतरतं. गरम हवेच्या गनने मूठ तापवली, पातं ओल्या फडक्यात गुंडाळलं, पटाशीने चिपा निघाल्या. शिसवीच्या बसवल्या. तीन तास गेले. गिऱ्हाइकाला कुरिअर माझ्या खर्चाने.

६ एप्रिल

दुसरा लॉट, या वेळी आठ. किंमत बावीसशे. फक्त म्यानाची मागणी वेगळी घेतो, सातशे रुपये, सुरी गिऱ्हाइकाने आणून द्यायची. घरची विळी, भाजीची सुरी, डॉक्टरांचा एक बागकामाचा चाकू, काहीही येतं. तासाच्या हिशेबात हेच काम जास्त देतं आणि भट्टी लावावी लागत नाही.

डावखुऱ्या बाईंची ऑर्डर आहे. त्यांच्या म्यानाचा पट्टा आणि मधली पट्टी दोन्ही उलट बाजूला, म्हणजे कापायचा नमुनाच आरशातला. सरळ नमुन्याने कापलेलं चामडंच उलटून वापरलं की झालं असं वाटलं होतं, पण मग चामड्याची गुळगुळीत बाजू आत जाते. नवा पुठ्ठा कापला, त्यावर मोठ्या अक्षरात "डावा" लिहिलं.

पहिल्या लॉटमधल्या बाभळीचे उरलेले ठोकळे माडीवर ठेवलेत, दोन्ही टोकांना मेण लावून. टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि तिथेच चिरा पडतात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहितो. सगळ्यात मोठा ८१० ग्रॅमवर सुरू झाला, आज ७६५. लागोपाठ तीन रविवार आकडा तोच राहिला की कापायला घेईन, तोवर आठही मुठी शिसवीच्या.